बाळाचे वजन, वस्तीची जबाबदारी

प्रस्तावना

लहान मुलाचे कौतुक करताना मराठी माणूस 'गुटगुटीत' हा शब्द हमखास वापरतो. बाळाने बाळसे धरले की घरातील थोरामोठ्यांना धन्यता वाटते. बाळ किरकोळ राहिले, तर 'खाल्लेले अंगी लागत नाही' किंवा 'आई नीट भरवत नाही' असा शेरा मारला जातो. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ, साथीचे रोग आणि बालमृत्यू पाहिले, त्याला भरलेले अंग हेच आरोग्याचे लक्षण वाटावे, हे स्वाभाविक होते. परंतु गेल्या काही दशकांत भारतीय शहरांतील राहणीमान झपाट्याने बदलले. एकीकडे कुपोषण सरलेले नाही आणि दुसरीकडे पाच वर्षांखालील मुलांमध्येही लठ्ठपणा दिसू लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील पाच वर्षांखालील सुमारे साडेतीन कोटी मुलांचे वजन प्रमाणाबाहेर होते.

या प्रश्नाचे उत्तर केवळ घरात, आईच्या हातातील चमच्यात शोधायचे, की घराबाहेरच्या वस्तीतही शोधायचे? बंगळूर या महानगराच्या उदाहरणातून प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• बाळसे आणि लठ्ठपणा यांतील फरक सांगू शकाल;
• मुलाच्या वयाप्रमाणे वजन आणि उंचीप्रमाणे वजन या दोन मोजमापांचे महत्त्व स्पष्ट करू शकाल;
• लहान मुलांच्या लठ्ठपणाला परिसर कसा कारणीभूत होतो, हे सोदाहरण सांगू शकाल;
• लठ्ठपणा टाळण्यासाठी वस्तीतील विविध घटक काय करू शकतात, याची मांडणी करू शकाल;
• पाठातील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. बाळसे आणि लठ्ठपणा

पहिल्या वर्षात बाळाच्या अंगावर चरबी साठणे ही निसर्गाचीच योजना आहे. मूल उभे राहते, चालू-धावू लागते, तसतसे ते सडसडीत होत जाते. उंचीच्या तुलनेत त्याचे वजन पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत कमी कमी होते आणि त्यानंतर पुन्हा वाढू लागते. म्हणून तीन-चार वर्षांचे चपळ मूल पूर्वीपेक्षा बारीक दिसू लागले, तर पालकांनी घाबरून जाण्याचे कारण नसते. उलट हे बारीक होणे लवकर थांबले आणि वजन अकाली वाढू लागले, तर पुढील आयुष्यात लठ्ठपणा व मधुमेह यांचा धोका वाढतो.

दक्षिण दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांची मोजमापे अनेक वर्षे नोंदवली गेली. त्यांपैकी सुमारे दीड हजार व्यक्तींची तरुणपणी तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तातील साखर वाढलेली आढळली, त्यांच्यापैकी अनेकजण पहिल्या दोन वर्षांत कृश होते आणि नंतर त्यांचे वजन इतरांपेक्षा लवकर वाढू लागले होते. विशेष म्हणजे बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी फारच थोडी मुले प्रचलित अर्थाने लठ्ठ दिसत होती. तात्पर्य, धोका डोळ्यांना दिसण्यापूर्वीच त्याची सुरुवात झालेली असते.

२. एकाच अंगणात दोन टोके

भारतीय बाळाविषयीचे एक महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रात झाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या ग्रामीण भागातील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांशी केली. इंग्लंडमधील बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो, तर येथील बाळांचे २.७ किलो होते. हात, पाय, पोट यांच्या मापांत भारतीय बाळे बरीच लहान होती. परंतु पाठीवरील त्वचेच्या घडीची जाडी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजेच स्नायू कमी आणि चरबी मात्र टिकून, अशी त्यांची शरीररचना होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे 'कृश तरीही स्थूल' असे भारतीय बाळाचे वर्णन जगभर परिचित झाले. बंगळूरमध्येही २०१६ पासून 'मास्ती' नावाच्या दीर्घकालीन अभ्यासात सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील साखर आणि त्यांच्या बाळांच्या अंगावरील चरबी यांचा संबंध तपासला जाऊ लागला. मुलाच्या वजनाची कथा अशी जन्मापूर्वीच, आईच्या आरोग्यापासून सुरू होते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. कर्नाटकात पाच वर्षांखालील ३५.४ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी, तर ३.२ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने जास्त आढळले. संपूर्ण भारतात जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण मागील सर्वेक्षणातील २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेले आणि महाराष्ट्रात ते १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर पोहोचले. तीन-चार टक्के हा आकडा लहान भासतो. परंतु तो वाढत आहे आणि कुपोषण ओसरण्याची वाट न पाहता वाढत आहे.

ही दोन्ही टोके कधी कधी एकाच मुलात एकत्र येतात. चार वर्षांचे दोन मुलगे आहेत, असे समजावे. दोघांचेही वजन १६ किलो आहे. वयाप्रमाणे वजन पाहिले, तर दोघेही अगदी योग्य ठरतात. तक्त्यावर दोघांचाही ठिपका हिरव्या पट्ट्यात पडतो. आता उंची मोजली. एकाची १०३ सेंटीमीटर, दुसऱ्याची ९१ सेंटीमीटर. पहिला मुलगा निरोगी आहे. दुसरा मात्र वयाच्या मानाने खुजा आणि उंचीच्या मानाने जादा वजनाचा आहे. नुसत्या वजनकाट्याने ही गोष्ट कधीच कळली नसती. म्हणूनच मुलाचे वजन करताना उंचीही मोजणे आवश्यक आहे. 'सुदृढ बालक' म्हणजे सर्वांत वजनदार बालक नव्हे, हा विचार आता शासकीय कार्यक्रमांतही रुजू लागला आहे. मार्च २०२२ मध्ये देशभर झालेल्या बालक-बालिका स्पर्धेत वजनाबरोबर उंचीही मोजण्यात आली, ती याच कारणाने.

पाठगत प्रश्न – १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. उंचीच्या तुलनेत मुलाचे वजन साधारणपणे ........ वर्षापर्यंत कमी होत जाते.
२. भारतीय बाळाचे 'कृश तरीही स्थूल' हे वर्णन ........ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले.
(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. वयाप्रमाणे वजन योग्य असलेले प्रत्येक मूल निरोगी असते.
२. एकाच मुलात खुजेपणा आणि जादा वजन एकत्र असू शकते.

३. निवड कोणाची?

मोठा माणूस काय खावे, केव्हा चालायला जावे, किती वेळ झोपावे हे काही अंशी स्वतः ठरवतो. दोन-तीन वर्षांचे मूल यांपैकी काहीही ठरवत नाही. त्याच्यापुढे जे ठेवले जाते, ते ते खाते. जिथे जागा मिळते, तिथे ते खेळते. घर जागे असेल, तर तेही जागे राहते. त्यामुळे लहान मुलाच्या लठ्ठपणाला त्याचा आळस किंवा हावरटपणा जबाबदार धरणे अन्यायाचे आहे. परंतु मुलाऐवजी आईवर खापर फोडणे हेही तितकेच अन्यायाचे आहे. कारण आईची निवडसुद्धा तिच्या भोवतालाने बांधलेली असते.

बंगळूरमध्ये हे विशेष स्पष्टपणे दिसते. केम्पेगौडांनी सोळाव्या शतकात वसवलेले आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी इतिहासाशी जोडले गेलेले हे तलावांचे व बागांचे नगर आज संगणक उद्योगाचे आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांचे महानगर आहे. संगणक कंपनीत काम करणारे दांपत्य वाहतुकीच्या कोंडीतून रात्री उशिरा घरी पोहोचते. दिवसभर मूल आजी, दाई किंवा पाळणाघर यांच्याकडे असते. कापड कारखान्यात शिवणयंत्रावर बसणारी आई सकाळी लवकर घर सोडते आणि मुलाच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवते. कारण तो स्वस्त असतो, टिकतो आणि मूल रडत नाही. एका घरात वातानुकूलित खोली आहे, दुसऱ्या घरात एकच खोली आहे. पण दोन्ही घरांत मुलाला पळायला अंगण नाही. दोन्ही घरांत मूल जेवताना शांत बसावे म्हणून त्याच्यासमोर मोबाइल धरला जातो. पडद्यात गुंतलेल्या मुलाला पोट भरल्याची जाणीव होत नाही. भूक आणि तृप्ती ओळखण्याची त्याची उपजत शक्ती अशा वेळी बोथट होत जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यांपैकी ६० मिनिटे तरी चांगले धावावे-खेळावे. त्याला १० ते १३ तास झोप मिळावी. पडद्यासमोर ते एका तासापेक्षा अधिक बसू नये. एक वर्षाखालील बाळाला तर पडदा दाखवूच नये. या सूचना ऐकायला सोप्या वाटतात. परंतु तीन तास खेळायचे, तर खेळायला जागा हवी. लवकर झोपायचे, तर आईवडील वेळेवर घरी यायला हवेत. म्हणजे सूचना घरासाठी असली, तरी तिची पूर्तता घराबाहेर ठरते.

४. जिलाँग शहराचा अनुभव

सारी वस्ती मिळून या प्रश्नाला सामोरी गेली, तर काय होते, याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियात आढळते. व्हिक्टोरिया राज्यातील जिलाँग शहरात २००४ ते २००८ या काळात पाच वर्षांखालील सुमारे १२,००० मुलांसाठी एक कार्यक्रम राबवण्यात आला. त्याच्या इंग्रजी नावाचा भावार्थ 'हुंदडा आणि चावून खा' असा सांगता येईल. या कार्यक्रमात एकेका लठ्ठ मुलाला शोधून त्याच्यावर उपचार करण्याचा प्रयत्न नव्हता. बालवाड्या, पाळणाघरे, माता-बाल आरोग्य केंद्रे आणि नगर प्रशासन यांनी एकत्र येऊन मुलांचा भोवताल बदलण्याचे ठरवले. गोड पेयांऐवजी पाणी द्यावे, फळे व भाज्या रोज मिळाव्यात, बैठे मनोरंजन कमी व्हावे आणि मोकळा खेळ वाढावा, हे त्यांचे साधे आग्रह होते. बालवाडीच्या नियमांत आणि रोजच्या खाऊत हे आग्रह उतरवण्यात आले.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, राज्यातील इतर भागांच्या तुलनेत जिलाँगमधील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण दोन वर्षांच्या गटात २.५ आणि साडेतीन वर्षांच्या गटात ३.४ टक्के-अंकांनी कमी आढळले. सर्वच देशांतील अशा प्रयत्नांना इतके यश आलेले नाही. केवळ भित्तिपत्रके लावून किंवा वर्षभर व्याख्याने देऊन मुलांचे वजन बदलत नाही. जिलाँगने उपदेशाऐवजी रोजची व्यवस्था बदलली, ही त्याच्या यशातील शिकण्यासारखी गोष्ट आहे.

पाठगत प्रश्न – २

योग्य पर्याय निवडा.
१. जिलाँगमधील कार्यक्रमाचा मुख्य भर कशावर होता?
(क) लठ्ठ मुलांवर उपचार (ख) मुलांचा भोवताल बदलणे (ग) पालकांना दंड करणे
२. लहान मुलाने मोबाइल पाहत जेवू नये, कारण –
(क) अन्न थंड होते (ख) त्याला पोट भरल्याची जाणीव होत नाही (ग) मोबाइल महाग असतो

५. बंगळूरमधील विखुरलेले धागे

बंगळूरमध्ये अशा व्यवस्थेचे अनेक धागे आधीच अस्तित्वात आले आहेत. त्यांपैकी कित्येकांचा मूळ हेतू वेगळा होता. परंतु एकत्र विणले, तर त्यांतून लहान मुलाभोवती संरक्षणाचे जाळे तयार होऊ शकते.

(अ) कामाची जागा : जन्मानंतर सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असे आरोग्यशास्त्र सांगते. स्तनपान करणारे बाळ स्वतःच्या भुकेप्रमाणे पिते. बाटलीतील 'शेवटचा घोट' संपवण्याची सक्ती त्याच्यावर नसते. पण आई कामावर असेल, तर हे कसे जमावे? २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा, अशीही तरतूद झाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिनेच. रजेचा नियम आणि बाळाच्या आहाराचा नियम येथे एकमेकांना मिळतात. ज्या शहरात असंख्य स्त्रिया कारखान्यांत आणि कार्यालयांत राबतात, तेथे पाळणाघर हे केवळ सोयीचे नव्हे, तर बालआरोग्याचे साधन ठरते. मात्र रोजंदारीवर घरकाम किंवा बांधकाम करणाऱ्या स्त्रीपर्यंत अशी रजा पोहोचत नाही. तिच्यासाठी वस्तीतील अंगणवाडी आणि पाळणाघर हाच आधार उरतो.

(आ) अंगणवाडी : एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. कर्नाटकातील टी. नरसीपूर हा त्यांपैकी एक होता. भुकेल्या मुलाला घास मिळावा, हा तिचा पहिला हेतू होता आणि आजही तो कालबाह्य झालेला नाही. १ ऑगस्ट २०१३ पासून कर्नाटकात 'क्षीर भाग्य' योजनेद्वारे शाळांतील व अंगणवाड्यांतील मुलांना १५० मिलिलिटर दूध मिळू लागले. अंगणवाडीतील ताजे जेवण, दूध आणि अंडी ही पाकीटबंद खाऊला दिलेली उत्तम पर्यायी उत्तरे आहेत. त्यातच नाचणी ही कर्नाटकाची स्वतःची संपत्ती आहे; देशात नाचणीचे सर्वाधिक उत्पादन याच राज्यात होते. नाचणीची आंबील, मुगाची डाळ व काकडी यांची कोसंबरी – जी पाहून मराठी माणसाला कोशिंबिरीची आठवण व्हावी – हे पदार्थ स्वस्त, रुचकर आणि मुलांना पचणारे आहेत. त्यासाठी परदेशी धान्याची गरज नाही. अंगणवाडीताईने वजनाबरोबर उंची मोजली, तर कृश मूल आणि जादा वजनाचे मूल ही दोन्ही तिच्याच नोंदवहीत वेळेवर सापडतात. याकरिता काटा आणि उंचीमापक पट्टी दोन्ही नीट असली पाहिजेत आणि तिच्यावरील इतर कामांचे ओझे आवरले गेले पाहिजे.

(इ) बाग आणि रस्ता : लालबाग आणि कब्बन पार्क ही नावे प्रसिद्ध आहेत, परंतु लहान मुलासाठी घराजवळची छोटी बाग अधिक मोलाची असते. बंगळूरमध्ये अशा एक हजाराहून अधिक बागा आहेत. पूर्वी दुपारच्या वेळी त्या बंद ठेवल्या जात. २०२४ मध्ये त्या पहाटे ५ पासून रात्री १० पर्यंत खुल्या ठेवण्याचे ठरले. दिसायला ही वेळापत्रकातील लहानशी दुरुस्ती. पण जवळच्या अंगणवाडीतील मुलांना किंवा संध्याकाळी उशिरा घरी येणाऱ्या पालकांना तिचा उपयोग होऊ शकतो. फाटक उघडे असूनही हिरवळीवर पाय ठेवण्यास आणि चेंडू खेळण्यास मनाई असेल, तर मात्र मुलाच्या दृष्टीने ती बाग बंदच असते. रस्त्यांचाही विचार झाला. ऑक्टोबर २०१३ मध्ये बंगळूरमध्ये 'सायकल दिन' सुरू झाला. रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींना बंद करून ते सायकलस्वारांना, पादचाऱ्यांना आणि मुलांना मोकळे करण्यात येऊ लागले. शहरातील काही रस्त्यांवर रुंद पदपथही बांधण्यात आले. प्रदूषण आणि वाहतूक हे या योजनांचे विषय होते. पण ज्या पदपथावरून आजीला नातवाचे बोट धरून निर्धास्त चालता येते, तो पदपथ नातवाच्या आरोग्याचीही राखण करतो.

(ई) दुकान आणि कायदा : भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास बंदी आली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना साखरयुक्त पेये 'आरोग्यदायी पेय' या नावाच्या गटातून काढण्यास सांगितले. करांचाही परिणाम होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वायुमिश्रित शीतपेयांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याच दिवशी बिस्किटे, चॉकलेट आणि केक यांवरील कर मात्र १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लहान मुलाच्या हातात शीतपेयापेक्षा बिस्किटच अधिक वेळा पडते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. नियम दिल्लीत होतो. परंतु फाटकासमोरच्या दुकानदाराशी बोलून केळी, चिकू, भाजलेले शेंगदाणे (अगदी लहानग्यांसाठी कुटलेले) दर्शनी ठेवण्याची विनंती वस्तीतील पालकच करू शकतात.

६. दोन पथ्ये

अशा सामूहिक प्रयत्नात दोन पथ्ये पाळणे अत्यावश्यक आहे.

पहिले पथ्य असे, की लठ्ठपणा टाळण्याच्या नावाखाली कोणाही मुलाचा घास काढून घेतला जाता कामा नये. ज्या राज्यात दर तीन मुलांमागे एकाहून अधिक मूल खुजे आहे, तेथे 'कमी खा' हा संदेश घातक ठरेल. वाढत्या वयातील मुलाला उपास घडवायचा नसतो. ताजे अन्न, पाणी, खेळ आणि झोप या चार गोष्टी कृश मुलालाही हव्यात आणि स्थूल मुलालाही. अंडे आणि आंबील दोघांनाही उपयोगी पडते. साखरेचे पेय दोघांचेही नुकसान करते. त्यामुळे दोन टोकांसाठी दोन वेगळ्या वस्त्या वसवाव्या लागत नाहीत, एकच चांगली वस्ती पुरते.

दुसरे पथ्य असे, की मुलाला किंवा त्याच्या आईला लाजवू नये. 'जाड्या' म्हणून हाक मारल्याने मूल बारीक होत नाही. ते खेळातून अंग काढून घेते आणि अधिकच बैठे होते. जादा वजनाचे मूल आढळले, तर अंगणवाडीताईने आईला बाजूला घेऊन बोलावे, आरोग्य केंद्राची वाट दाखवावी आणि पुढील मोजमापाची तारीख ठरवावी. घरातील आजी-आजोबांनाही या बोलण्यात सहभागी करून घ्यावे. कारण 'अजून एक घास' हा त्यांच्या प्रेमाचा शब्द असतो. त्या प्रेमाला गोष्ट सांगण्याची, हात धरून बागेत नेण्याची दुसरी वाट दाखवली, तर ते प्रेम मुलाच्या खऱ्या अर्थाने अंगी लागते.

बाळ जन्मते एका घरात; पण ते वाढते कारखान्याच्या पाळणाघरात, अंगणवाडीच्या पंगतीत, बागेच्या वाळूत आणि दुकानाच्या पायरीवर. यांपैकी प्रत्येक जागा कोणी तरी ठरवलेली, बांधलेली आणि चालवलेली असते. ज्यांनी ती ठरवली, त्या सर्वांचा मुलाच्या वजनकाट्यावरील आकड्यात वाटा असतो.

शब्दार्थ

बाळसे – बाळाच्या अंगावरील निरोगी भरलेपणा
किरकोळ – (येथे) अंगाने बारीक
कृश – बारीक, रोड
खुजा – वयाच्या मानाने कमी उंचीचा
उपजत – जन्मापासून असलेले
तृप्ती – समाधान, पोट भरल्याची भावना
आस्थापना – कारखाना, कार्यालय यांसारखी कामाची संस्था
पथ्य – पाळावयाचा नियम

भाषाभ्यास : वाक्प्रचार

अंगी लागणे – खाल्लेल्या अन्नाचा शरीराला उपयोग होणे. पाठाच्या शेवटी हाच वाक्प्रचार प्रेमासाठी लाक्षणिक अर्थाने वापरला आहे, हे लक्षात घ्या.
बाळसे धरणे – बाळाचे अंग निरोगीपणे भरणे.
खापर फोडणे – दुसऱ्याला दोषी ठरवणे.
अंग काढून घेणे – सहभाग टाळणे, माघार घेणे.

तुम्ही काय शिकलात?

• लहान मुलाचे वजन उंचीच्या तुलनेत पाहिले पाहिजे. नुसते वजन फसवे असू शकते.
• भारतात कुपोषण आणि लठ्ठपणा हे प्रश्न एकाच वेळी, कधी एकाच मुलात आढळतात.
• लहान मूल स्वतः निवड करत नाही. त्याचा भोवताल निवड करतो. म्हणून दोष मुलाचा किंवा एकट्या आईचा नसतो.
• कामाची जागा, अंगणवाडी, बाग, रस्ता, दुकान आणि कायदा यांच्या एकत्रित प्रयत्नातून लठ्ठपणा टाळता येऊ शकतो.
• हे करताना कोणाचा घास काढू नये आणि कोणाला लाजवू नये.

पाठान्त प्रश्न

१. 'गुटगुटीत बाळ म्हणजे निरोगी बाळ' ही समजूत समाजात का रुजली, ते थोडक्यात लिहा.
२. चार वर्षांच्या दोन मुलग्यांच्या उदाहरणातून पाठात कोणता मुद्दा स्पष्ट केला आहे?
३. 'सूचना घरासाठी असली, तरी तिची पूर्तता घराबाहेर ठरते' या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. मातृत्व रजा आणि बाळाचा आहार यांचा संबंध स्पष्ट करा.
५. 'दोन टोकांसाठी दोन वेगळ्या वस्त्या वसवाव्या लागत नाहीत' हे विधान तुम्हाला पटते का? सकारण लिहा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : खापर फोडणे, बाळसे धरणे, अंग काढून घेणे.

उपक्रम

तुमच्या घरापासून जवळच्या अंगणवाडीपर्यंत पायी जा. वाटेत पदपथ आहे का, बागेचे फाटक केव्हा उघडते, पहिल्या दुकानात मुलांच्या नजरेच्या उंचीवर कोणते पदार्थ ठेवले आहेत, यांची नोंद करा. त्या नोंदींच्या आधारे वस्तीतील एक बदल सुचवणारे पत्र संबंधित अधिकाऱ्यांना लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ – (अ) १. पाचव्या-सहाव्या २. २००३ (आ) १. चूक २. बरोबर
प्रश्न २ – १. (ख) २. (ख)